सदुसष्ट लाख ओळी कुणाच्या नावावर?



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हणजे गडकोट, बखरी, निदान एखादा तह तरी असावा, अशी आपली अपेक्षा असते. मी ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहे तो जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांचा आहे, आणि त्याची साधने दप्तरखान्यात नसून संगणकाच्या तबकड्यांवर आहेत. कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. शाळेत मी फार टिकलो नाही. संगणकाविषयी जे काही कळले ते हिंजवडीकडे नोकरी करणाऱ्या आणि संध्याकाळी सल्ल्यासाठी आमच्या कचेरीत येणाऱ्या मुलामुलींकडून, आणि मग हट्टाने केलेल्या वाचनातून. परंतु केलेल्या कामाची नोंद आणि काम करणाऱ्याचे नाव यांचा संबंध तोडला म्हणजे काय होते, हा माझ्या रोजच्या व्यवसायाचा विषय आहे. तोच विषय या मुलांच्या बोलण्यात मला अगदी निराळ्या वेषात भेटला.

आधी दोन-चार शब्दांची ओळख करून घेऊ. संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञांना कोड म्हणतात. त्या साध्या मजकुराच्या ओळी असतात आणि हजारो फाइलींत पसरलेल्या असतात. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि का बदलली हे लिहून ठेवणारी जी वही, तिला रिपॉझिटरी असे नाव आहे. पेढीवरच्या रोजकीर्दीसारखीच ती असते. तिच्यातील एकेका नोंदीला कमिट म्हणतात. फरक एवढाच की, प्रत्येक नोंदीत ‘माझ्या आधीची नोंद अमुक’ असे लिहिलेले असते. म्हणजे ही रोजकीर्द आपली वंशावळही सांगते. मोकळ्या परवान्याचे कोड कोणालाही घरी नेता येते, त्यात फेरफार करता येतात. जेथून ते आणले त्या मूळ प्रकल्पाला नदीच्या उपमेने अपस्ट्रीम, म्हणजे उगमाकडचा, असे म्हणतात. घरची प्रत आपल्या गरजेप्रमाणे वाढते, मूळची तिच्या गतीने वाढते, आणि दोन-तीन वर्षांत चुलतभावांनी एकमेकांना ओळखू नये अशी स्थिती होते.

मग एक दिवस मेळ घालण्याची वेळ येते. मूळ प्रकल्पात एखादी धोक्याची चूक दुरुस्त झालेली असते आणि ती दुरुस्ती आपल्याही प्रतीत हवी असते. येथे खरी अडचण कळते. समजा, आमच्या युनियनच्या घटनेच्या दोन प्रती आहेत. एकीत सातव्या कलमात वर्गणी दहा रुपये लिहिली आहे, दुसरीत पंधरा. कोणती खरी? दोन प्रती समोर ठेवून रात्रभर बसलात तरी सांगता येणार नाही. परंतु दोघींच्या आधीची तिसरी प्रत सापडली आणि तीत दहा असले, तर दुसऱ्या प्रतीत कोणीतरी बुद्ध्या बदल केला हे तत्काळ उघड होते. तीत पंधरा असले, तर बदल पहिलीत झाला. म्हणजे दोन पक्षांचा मेळ घालायला तिसरा लागतो, आणि तो पंच नसून पूर्वज असतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले, त्यातही देशोदेशीच्या हस्तलिखितांच्या शाखा लावून पाठ ठरवायचा, हीच खटपट होती. त्या पंडितांना पूर्वज प्रत्यक्ष सापडणे शक्य नव्हते, तो अनुमानाने बांधावा लागला. संगणकवाल्यांचा पूर्वज पुष्कळदा तबकडीवर जिवंत असतो. मात्र त्याच्याशी असलेले नाते नोंदलेले असावे लागते.

आता इतिहासाकडे वळतो. लिनक्स हे नाव आपण ऐकले असेल. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनपासून बँकांच्या मोठ्या यंत्रांपर्यंत ज्याच्यावर कारभार चालतो तो हा गाभा. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तो १९९१ साली सुरू केला आणि जगभरच्या माणसांनी वाढवला. आश्चर्य असे की, पहिली दहा-अकरा वर्षे या एवढ्या मोठ्या कामाला रोजकीर्दच नव्हती! तशा वह्या अस्तित्वात नव्हत्या असे नाही. बेल लॅबमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ सालीच एक तयार केली होती, आणि नंतर आणखी पुष्कळ झाल्या. टोरवाल्ड्स यांना त्यांतील एकही पसंत नव्हती. लोक टपालाने फरकाचे कागद, म्हणजे पॅच, पाठवीत. ते वाचत, आवडले तर घेत, आणि काही दिवसांनी सगळ्याचे एक गाठोडे बांधून प्रसिद्ध करीत. गाठोड्यात काय आहे ते दिसे. कोणते काम कोणत्या दिवशी कोणाच्या हातून आले ते गाठोडे सांगत नसे.

माणसे वाढली तसा हा कारभार एकट्याच्या आवाक्याबाहेर गेला. पाठवलेले पॅच गहाळ होऊ लागले. १९९८ च्या शरदात तर काही कार्यकर्त्यांनी व्हीजर नावाच्या यंत्रावर ठेवलेली प्रत आणि टोरवाल्ड्स यांची प्रत यांत इतके अंतर पडले की, उघड भांडण जुंपले. २००२ च्या फेब्रुवारीत अखेर वही आली. तिचे नाव बिटकीपर. ती लॅरी मॅकव्हॉय यांच्या कंपनीची होती आणि लिनक्सच्या लोकांना फुकट दिली होती. फुकट वस्तूला अटी असतातच. या वहीशी स्पर्धा करील अशी दुसरी वही बनवण्याच्या कामात वापरणाऱ्याने असू नये, अशी एक अट होती. कित्येकांना ती तेव्हाच खटकली. काम सगळ्यांचे, पण दप्तर एका खाजगी कंपनीच्या तिजोरीत, आणि किल्ली तिच्या मर्जीवर! परंतु वही चांगली होती, कामाला गती आली, आणि तीन वर्षे निभावली.

२००५ च्या आरंभी ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्या वहीतील नोंदी कंपनीचे साधन न वापरता वाचता याव्यात म्हणून आपले एक साधन करायला घेतले. हे मोठे कपटकारस्थान असल्याचा बोभाटा झाला. एप्रिलमध्ये कॅनबेराच्या परिषदेत त्यांनी सर्वांसमक्ष करून दाखवले, ते एवढेच की, कंपनीच्या यंत्राशी साधा संपर्क साधायचा आणि ‘हेल्प’ असे टंकायचे. यंत्र स्वतःच आपल्या आज्ञांची यादी देते. परंतु तोवर कंपनीने फुकटची सवलत काढून घेतली होती. टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला स्वतःच नवी वही लिहायला घेतली. तिचे नाव गिट. ७ एप्रिलला ती आपल्या स्वतःच्या कोडची नोंद ठेवू लागली. चार दिवस! या गतीचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण या घाईची किंमतही पुढे दिसते.

१६ एप्रिल २००५ रोजी लिनक्सचे कोड या नव्या वहीत चढवले गेले. पहिल्याच नोंदीत टोरवाल्ड्स यांनी सरळ लिहून ठेवले आहे की, संपूर्ण इतिहास आपल्याजवळ आहे, पण तो आणण्याच्या खटाटोपात आपण पडत नाही. तो आणला तर ३.२ गिगाबाइट जागा लागेल आणि नव्या वहीचे पहिले दिवस विनाकारण अवघड होतील. हवा तर त्याचा निराळा संग्रह पुढे करता येईल. माणूस प्रामाणिक आहे, लपवाछपवी मुळीच नाही. परंतु परिणाम काय झाला? सतरा हजारांवर फाइली, सुमारे सदुसष्ट लाख ओळी एका नोंदीत, एका तारखेला, एका माणसाच्या नावावर चढल्या. गिटमध्ये एक आज्ञा आहे. एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘ही कोणी लिहिली’ असे विचारले की वही उत्तर देते. आज्ञेचे नाव ‘ब्लेम’, म्हणजे दोष कुणाचा! सबव्हर्शन नावाच्या दुसऱ्या वहीत याच आज्ञेला ‘प्रेज’, म्हणजे स्तुती, असेही म्हटलेले चालते. हे नाव मला जास्त आवडले. ते असो. लिनक्सच्या जुन्या ओळीला हा प्रश्न विचारला की, उत्तर येते लायनस टोरवाल्ड्स, १६ एप्रिल २००५. मग ती ओळ जर्मनीतील कोणी १९९६ साली रात्र जागून लिहिलेली असो, की ब्राझीलमधील एखाद्याने. आणि ती ओळ अशीच का आहे, दुसऱ्या रीतीने का नाही, हे सांगणारे टिपणही त्या भिंतीपलीकडे राहिले. जुनी चूक शोधणाऱ्या माणसाला नावाइतकेच, किंबहुना नावाहून अधिक, ते टिपण हवे असते.

हे ऐकले तेव्हा मला एका कारखान्याचे प्रकरण आठवले. नाव घेत नाही. त्या कारखान्याची मालकी बदलली. नव्या मालकाने जुने मस्टर उचलून कोठे नेले देव जाणे. नवे मस्टर नव्या तारखेपासून सुरू केले. तीच माणसे, तेच लेथ, तीच पाळी, पण कागदोपत्री सगळे त्या दिवशी कामाला लागले! अठरा वर्षे काढलेला फिटर आणि आदल्या वर्षी आलेला हेल्पर एकाच ज्येष्ठतेचे. ग्रॅच्युइटी त्या वेळी १९७२ च्या कायद्याने मिळे, आणि ती सलग नोकरीवर मोजली जाई. आम्ही प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्या, विमा रुग्णालयाची कार्डे, पगाराच्या चुरगळलेल्या पावत्या असे जे मिळेल ते गोळा करून नव्या मस्टरला जुन्याची शेपटी जोडत बसलो. काहींची जुळली, काहींची नाही. टोरवाल्ड्स यांची गोष्ट आणि त्या मालकाची गोष्ट एक नव्हे, हे मी जाणतो. एकाने नोंद करून सांगितले की इतिहास मागे ठेवला आहे, दुसऱ्याने तो नव्हताच असे भासवले. पण फिटरच्या बाजूने पाहिले तर दोन्ही वह्यांत त्याचे नाव नाही.

कोणी म्हणेल, नावाचे एवढे काय? काम चालते आहे ना? याचे उत्तर अमेरिकेतील एका खटल्यात मिळते. मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर एक अब्ज डॉलरची फिर्याद लावली. आमच्या मालकीचे युनिक्सचे कोड लिनक्समध्ये घुसवले, असा तिचा दावा. सारे लिनक्स संशयाच्या छायेत आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या सभेत कंपनीने पुराव्यादाखल काही ओळी पडद्यावर दाखवल्या, आणि कोणी ओळखू नयेत म्हणून काही भाग ग्रीक अक्षरांत बदलून टाकला. ग्रीक अक्षरे परत फिरवणे हा त्या मुलांच्या दृष्टीने पोरखेळ होता. काही दिवसांतच लोकांनी त्या ओळींची कुळी शोधून काढली. एक तुकडा १९७० च्या दशकातील युनिक्सपर्यंत मागे जात होता; आणि त्या जुन्या युनिक्सच्या आवृत्त्या याच कंपनीने, कॅल्डेरा हे तिचे नाव असताना, २००२ साली मोकळ्या परवान्याखाली खुल्या केल्या होत्या! दुसरा तुकडा बर्कले विद्यापीठाच्या परंपरेतला निघाला. फिर्यादीचे गुऱ्हाळ तरी वर्षानुवर्षे चालले. २०२१ साली ते तडजोडीने मिटले.

लिनक्सच्या लोकांनी यातून काय घेतले, ते पाहण्यासारखे आहे. मे २००४ मध्ये टोरवाल्ड्स यांनी नियम सुचवला की, प्रत्येक पॅचखाली देणाऱ्याने आणि तो ज्याच्या हातून पुढे गेला त्या प्रत्येकाने आपले नाव लिहावे. हे काम देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती सही. तलाठ्याकडच्या फेरफार नोंदीसारखा हा प्रकार आहे. सातबाऱ्यावर आज कोणाचे नाव आहे एवढ्याने भागत नाही. ते कोणत्या फेरफाराने आले, त्याच्या आधी कोण होते, हे मागे मागे जाऊन दाखवता आले पाहिजे. दाखवता आले नाही तर जो मोठ्या वकिलाचा त्याची जमीन. आणि असा नियम होऊन वर्ष लोटले नाही तोच ती सारी वंशावळ भिंतीपलीकडे राहिली, हा दैवदुर्विलास.

परंतु दुवा जोडणारे निघाले. थॉमस ग्लाइक्सनर या जर्मन कार्यकर्त्याने २००२ ते २००५ या बिटकीपरच्या काळातील साठ हजारांच्या घरातील नोंदी गिटच्या रूपात आणून त्यांचा निराळा संग्रह मांडला. त्याही मागचा, १९९१ पासूनचा काळ इतरांनी जुन्या गाठोड्यांवरून उभा केला. तो मात्र रोजनिशी नसून अधूनमधून काढलेल्या छायाचित्रांच्या आल्बमसारखा आहे. मग प्रश्न राहिला जोडण्याचा. एका वहीचे शेवटचे पान आणि दुसरीचे पहिले पान यांत मजकूर एकच. चिकटवायला वेळ किती?

येथे गिटची घडण आडवी येते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. गिटमध्ये नोंदीला क्रमांक नसतो. त्या क्षणीचा सारा मजकूर, लिहिणाऱ्याचे नाव, तारीख, टिपण आणि आधीच्या नोंदीचे नाव या सगळ्यांतून गणिताने चाळीस अक्षरी खूण काढतात, तेच त्या नोंदीचे नाव. बाप बदलला की मुलाचे नाव बदलते, मुलाचे बदलले की नातवाचे. पहिल्या पानाला मागचा दुवा द्यायचा तर त्याची खूण बदलणार, आणि तिच्यामागोमाग आजपर्यंतच्या सर्व नोंदींच्या खुणा बदलणार. जगभर हजारो यंत्रांवर ज्या प्रती आहेत त्या सगळ्या एका रात्रीत परक्या होणार. मागे कोणी काही गुपचूप बदलू नये म्हणून ही व्यवस्था आहे, आणि ती योग्यच आहे. पण त्याच व्यवस्थेमुळे प्रामाणिक दुरुस्तीही महाग पडते.

तोड अशी निघाली. मूळ वहीला हात लावायचा नाही. आपल्या घरच्या प्रतीत एक चिठ्ठी ठेवायची: ‘वाचताना या नोंदीला अमुक पूर्वज आहे असे धरून चालावे.’ तिला कलम म्हणतात. हे कलम कायद्याचे नव्हे, आंब्याचे. ही चिठ्ठी लावली की, तोच ‘ब्लेम’ १६ एप्रिलच्या भिंतीतून आरपार जातो आणि खरी नावे सांगतो. खुणा एकीचीही बदलत नाहीत. मात्र चिठ्ठी ज्याच्या त्याच्या घरी. दुसऱ्याने तुमची प्रत नेली तर ती आपोआप बरोबर जात नाही. लिनक्सच्या मुख्य वहीचे पहिले पान अद्याप तेच आहे. ज्याला मागचे पाहायचे आहे त्याने दोन्ही संग्रह आणावेत आणि गाठ आपण बांधावी.

ज्यांनी सुरुवातीपासून वही नीट ठेवली त्यांना हे कष्ट पडले नाहीत. लिनक्समध्येच बीटीआरएफएस नावाचा भाग २००९ साली आला. तो वेगळ्या वहीत वाढला होता, पण आला तो आपल्या सर्व नोंदींसह. म्हणून लिनक्सच्या वंशवृक्षाला आज एकाहून अधिक मुळे दिसतात. दोन घराणी सोयरिकीने एक झाली, आडनावाचा इतिहास कोणी पुसला नाही. जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरच्या घरात १९९७ साली असाच फाटा फुटला होता. संथ कारभाराला कंटाळून निघालेल्या त्या शाखेचे नाव ईजीसीएस. १९९९ साली मूळ घराने वाद संपवून त्या शाखेलाच गादी दिली. त्या शाखेचे काम उघड्यावर चालत होते.

अडचण येते ती दार लावून काम करणाऱ्यांची. फोन बनवणाऱ्या कंपन्या लिनक्स घेतात, आपल्या यंत्राला बसेल असे वर्षभर फिरवतात, आणि परवान्याची सक्ती म्हणून अखेर एक गाठोडे बाहेर टाकतात. कायद्याचे शब्द पाळले, पण आत काय बदलले याचा पत्ता नाही! अशा गाठोड्याला घरी परत आणण्याची रीत त्या मुलांनी मला समजावली. प्रथम गाठोड्यातील आवृत्तीचा आकडा पाहायचा. मग मूळ वहीतील त्या सुमाराच्या एकेका नोंदीशी ते ताडून पाहायचे, आणि जिथे फरक सर्वांत कमी निघेल तिथे बाप धरायचा. मजकूर तंतोतंत जुळला तर गणिती खूणही जुळते, मग शंकाच नको. त्या नोंदीचे मूल म्हणून गाठोडे वहीत लावायचे. इतके केले की, लाखो ओळींच्या ढिगातून कंपनीने खरोखर बदललेल्या तेवढ्याच ओळी वर येतात. मग त्यांचे तुकडे करून, एकेक समजून घेऊन, आजच्या मूळ कोडावर पुन्हा चढवायच्या. हे शेवटचे काम यंत्र करीत नाही. त्याला महिने लागतात. दोन असंबद्ध वह्या नुसत्या एकत्र बांधण्याचीही आज्ञा गिटमध्ये आहे, पण २०१६ पासून ती मुद्दाम परवानगी लिहिल्याशिवाय चालत नाही. कारण अशा बांधणीत समान पूर्वज नसतो, आणि वर्गणी दहा की पंधरा हा प्रश्न तसाच राहतो.

खुद्द गूगलने हा अनुभव घेतला. अँड्रॉइडसाठी केलेले काही भाग २००९ साली लिनक्सच्या चाचणी विभागात घेतले होते. त्यांची निगा राखायला कोणी पुढे येईना, म्हणून २०१० साली ते काढून टाकले. फोन झोपू नये म्हणून केलेल्या एका सोयीवरून तर मोठा वाद झाला. फोनवाल्यांचे लिनक्स आणि जगाचे लिनक्स अशी दोन घरे होण्याची वेळ आली. २०१२ च्या मार्चमधील ३.३ या आवृत्तीत बरेचसे भाग परत आले, आणि वादाच्या सोयीलाही मूळ घराने आपल्या पद्धतीने पर्याय दिला.

ॲपलची कथा याहून बोलकी. केडीई या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने केएचटीएमएल नावाचे, संकेतस्थळ पडद्यावर मांडणारे यंत्र लिहिले होते. ॲपलने ते उचलले, दीड वर्ष गुपचूप त्यावर काम केले आणि ७ जानेवारी २००३ रोजी सफारी जाहीर केली. मूळ लोकांना पत्र गेले, त्यात स्तुतीही होती. पण बदल मिळाले ते एकगठ्ठा. कोणता बदल कशासाठी याचा उलगडा होईना. २००५ च्या वसंतात ॲपलचे यंत्र एका अवघड कसोटीला उतरल्याची बातमी आली आणि लोक केडीईवाल्यांना विचारू लागले, ‘मग तुमच्यात हे कधी येणार?’ तेव्हा त्यांनी चिडून जाहीर सांगितले की, आम्हाला ढीग मिळतो, नोंदी मिळत नाहीत. फुकट राबणाऱ्या माणसाला ‘तुझे काम अपुरे का’ असे विचारले जावे, याहून मोठा अपमान नाही! त्या ओरड्याचा परिणाम झाला. जून २००५ मध्ये ॲपलने वेबकिट या नावाने आपली वही नोंदींसकट खुली केली. मात्र दोन घरे पुरती एक झाली नाहीत. अंतर फार पडले होते. पुढे २०१३ साली वेबकिटमधूनही गूगलचा ब्लिंक हा फाटा निघाला, आणि क्रोम आज त्यावर चालतो.

शेवटी युनिक्सकडे जातो, कारण तेथे इतिहास विसरून नव्हे, खटल्याने तुटला. बेल लॅबमध्ये जन्मलेले युनिक्स बर्कले विद्यापीठात वाढले. १९९२ साली त्याच्या मालकीचा दावा उभा राहिला, आणि १९९४ साली तडजोड झाली. बर्कलेच्या सुमारे १८,००० फाइलींपैकी तीन काढायच्या आणि सत्तर फाइलींवर मालकाचा शिक्का मारायचा, एवढ्यासाठी दोन वर्षे! परंतु त्या तडजोडीमुळे फ्रीबीएसडी या मोकळ्या प्रकल्पाला आपला जुना पाया सोडून निर्वेध ठरलेल्या पायावर सर्व पुन्हा बांधावे लागले. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीची वही १९९४ साली कोरी सुरू झाली.

हा तुटलेला धागा अथेन्सच्या अर्थशास्त्र विद्यापीठातील प्राध्यापक डिओमिडिस स्पिनेलिस यांनी उचलला. जुन्या चुंबकी फितींवरून वाचलेल्या प्रती, बर्कलेच्या जुन्या नोंदवह्या, आणि १९७२ चा पाच हजार ओळींचा गाभा, जो छापील कागदांवरून उत्साही लोकांनी पुन्हा उतरवून काढला होता, असे सगळे त्यांनी एका गिट वहीत ओवले. २०१५ साली त्यांनी प्रबंध प्रसिद्ध केला तेव्हा तीत ६ लाख ५९ हजार नोंदी होत्या. नंतर आणखी जुने कागद हाती आले, आणि वहीचा आरंभ १९७० पर्यंत मागे गेला. मला सर्वांत मोलाची वाटली ती या कामातील नावांची खटपट. बेल लॅबच्या फितींवर फाइली होत्या, तारखा होत्या, कर्ते नव्हते. जुनी मार्गदर्शक पुस्तके, लेख आणि हयात मंडळींच्या आठवणी पडताळून कोणती फाइल कोणाची याच्या याद्या त्यांनी तयार केल्या, आणि एकूण आठशेंवर माणसांची नावे वहीत आली. डेनिस रिची यांच्यासारखे काहीजण तोवर निवर्तले होते.

१९९४ साली फ्रीबीएसडीच्या दप्तरात जी साखळी तुटली होती ती या वहीत सांधलेली आहे. तेथे एखाद्या ओळीला ‘तू कुणाची’ असे विचारले तर कधी १९९३ नंतरच्या एखाद्या स्वयंसेवकाचे नाव येते, कधी बर्कलेच्या एखाद्या विद्यार्थ्याचे. आणि काही थोड्या, अजून तग धरून असलेल्या ओळी १९७० च्या दशकातील एखादी तारीख आणि बेल लॅबमधील माणसाचे नाव सांगतात.